गौराक्काची भट्टी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी कंग्राळीच्या शेतात कोबीला पाणी लावत होतो. म्हणाले, "सीमाभागातल्या एका वेगळ्या धंद्यात तुमची उमर गेली, त्यावर लिहा. तरुणांना उमेद येईल असं काहीतरी." मी म्हटलं, उमेद पाहिजे असेल तर दुसरा माणूस बघा, माझ्याकडे बुडालेल्या कारखान्याची हकीकत आहे. ते हसले. त्यांना वाटलं मी नम्रपणा करतोय. नम्रपणा कसला डोंबलाचा! आजही ते सगळं आठवलं की हातातलं काम हातातच राहतं आणि पाणी वाफा फोडून बांधावरून वाहून जातं. त्या दिवशीही तसंच गेलं.

आधी धंदा काय होता तो सांगतो, कारण आमच्या नात्यातल्या माणसांनाही तो शेवटपर्यंत कळला नाही. माझे सासरे पाहुण्यांना सांगायचे, "जावई लोखंडाच्या पिठाच्या गिरणीत हायत." फार चुकीचं नव्हतं ते.

मोबाईलच्या, रडारच्या आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हच्या लहरी सगळ्या एकाच भावकीतल्या. साध्या पत्र्यावर त्या आपटल्या की परत फिरतात. पण काही ठिकाणी त्या परत फिरून चालत नाही. एका यंत्रातल्या लहरी शेजारच्या यंत्रात शिरून घोळ घालतात, कुठं त्या दाराच्या फटीतून बाहेर येतात, कुठं रडारला नको ते दिसतं. अशा जागी लहरी गिळून टाकणारं काहीतरी बसवावं लागतं. ते गिळणारं आम्ही बनवत होतो. लोखंड, सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची चुंबकीय भुकटी, आणि त्या भुकटीचे तक्ते. लहर तक्त्यात शिरली की तिची उष्णता होते आणि तिथंच तिचा निकाल लागतो.

ऐकायला सोपं आहे. पण खरी गोम उष्णतेतच. तक्ता लहरी गिळून स्वतः तापतो, आणि वर त्याला बसवायची जागाही बहुतेक वेळा तापलेली, इंजिनाच्या नाहीतर भट्टीच्या शेजारची. भुकटी म्हणजे शेवटी लोखंडच. तापलं की हवा लागून गंजायला लागतं, आणि गंजलं की त्याचं चुंबकपण गेलं. मग तो तक्ता आणि घराच्या पायपुसण्यात काही फरक राहत नाही. म्हणून उष्णतेत टिकणारी भुकटी करता येणं हीच या धंद्यातली विद्या.

ती करायची रीत अशी. भुकटी स्पिरिटमध्ये भिजवून पोलादी गोळ्यांच्या पिंपात फिरवायची, म्हणजे गोल कण चेपून पोह्यांसारखे चपटे होतात. चपटे कण एकावर एक नीट बसतात आणि लहरी जास्त गिळतात. मग प्रत्येक पोह्यावर काचेची साल चढवायची, इतकी पातळ की साध्या डोळ्यांना दिसत नाही. ही साल हवा आत येऊ देत नाही. मग नायट्रोजन सोडलेल्या बंद भट्टीत ती भाजायची, म्हणजे कुटताना धातूत शिरलेला ताण निघून जातो. शेवटी उष्णता सोसणाऱ्या राळेत कालवून तक्ते दाबायचे. सगळी मदार त्या सालीवर. ती फाटली तर आधीची सगळी मेहनत मातीत.

कारखाना निपाणीत, तंबाखूच्या जुन्या वखारीत होता. मालक पायगोंडा आप्पा. जैन माणूस, आजोबांपासून तंबाखूचा व्यापार, आणि आप्पांना त्याच धंद्याची शिसारी आलेली. "परशराम, आमच्या घरानं लोकांच्या छातीवर बंगलं बांधलं," म्हणायचे. "आता असलं काय तर करूया, ज्यात कुणाचा जीव जात न्हाय." मी तेव्हा बेळगावात एका फाउंड्रीत वाळू तपासायचं काम करत होतो. कुणाच्या तरी लग्नात ओळख झाली आणि जेवणाच्या पंगतीतच त्यांनी मला पळवलं. वखारीची कल्पना त्यांचीच. तंबाखूला ओल चालत नाही म्हणून वखारीच्या भिंती जाड आणि आत कायम कोरडं. आमच्या भुकटीलाही ओल चालत नाही. फक्त वास जाता जात नव्हता. पहिल्या वर्षी बेंगळूरला पाठवलेल्या तक्त्यांचं खोकं उघडल्यावर तिथल्या माणसांना शिंका आल्या होत्या.

अहिंसेचं प्रकरणही एकदा निघालं. विमानाच्या कामासाठी विचारणा आली तेव्हा आप्पा दोन-चार दिवस घुम्यासारखे फिरत होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्ये मारायला लागतंय का वाचवायला, खरं सांग."

"लपायला लागतंय आप्पा."

बराच विचार करून म्हणाले, "लपायला असंल तर चालंल. लपणाऱ्याला कसलं पाप?"

गिऱ्हाइकं एकेक नग यायची. कोल्हापूरकडचा एक गृहस्थ भारीतली गाडी घेऊन आला आणि म्हणाला, गाडीला तुमची पावडर फासून द्या, हायवेवर पोलिसांच्या यंत्रात वेग दिसला नाही पाहिजे. मी म्हटलं, साहेब, त्यापेक्षा सावकाश चालवा, ते स्वस्त पडतं. रागावून गेला. बेळगावच्या टिळकवाडीतले एक निवृत्त शिक्षक समोरच्या इमारतीवर टॉवर बसल्यापासून झोपले नव्हते. त्यांना आमच्या तक्त्यांचं जाकीट शिवून पाहिजे होतं. त्यांना तासभर समजावलं, चहा पाजला. जाताना म्हणाले, "जाकीट नाही तर नाही, निदान टोपी तरी द्या." अशा वेळी हसू यायचं आणि बरंही वाटायचं. निदान कुणाला तरी आपला माल हवा आहे.

आता गौराक्का. ती आमच्या चाळण विभागाची मुख्य. हे पद तिला कुणी दिलं नव्हतं, तिनंच घेतलं होतं. लहानपणापासून तिनं याच वखारीत तंबाखू चाळला होता. नाकाला पदर, अंगभर पिवळी धूळ, आणि खोकला. आप्पांनी धंदा बदलला तेव्हा त्या चाळणाऱ्या बायकांनाच कामाला ठेवलं, त्यांना तोंडाला लावायचे मास्क दिले, पंखे लावले, बसायला स्टुलं आणली. गौराक्का स्टुलावर बसेना. खाली बसूनच तिचा हात चालायचा. मला ती मास्तर म्हणायची, कारण मी प्रत्येक गोष्ट समजावून सांगत बसायचो आणि ती प्रत्येक गोष्टीला "व्हय मास्तर" म्हणून आपल्या मनाचंच करायची.

तिची लेक संगीता आमच्याकडेच तक्ते दाबायच्या यंत्रावर होती. हात साफ, डोकं चलाख. गौराक्काचं सगळं जग त्या यंत्रापाशी होतं. मला एकदा म्हणाली, "मास्तर, माझ्या आयनं तंबाखू चाळला, म्या चाळला. माझी संगी न्हाई चाळणार. तुमचा ह्यो कारखाना चालाय पायजे बगा. देवाला मी दुसरं कायबी मागत न्हाई." सगळ्या बायकांचं कमीजास्त हेच होतं. हा कारखाना बंद पडला तर त्यांना जायला एकच जागा होती, तंबाखू.

कारखाना तरायचा असेल तर एक काम मिळणं भाग होतं. किरकोळ मालावर आमचा जीव जेमतेम तगून होता. बेंगळूरची एक कंपनी गरम जागेत बसवायचे तक्ते कायमचे घ्यायला तयार होती, पण अट अशी की तक्ता त्यांच्या ओव्हनमध्ये दिवसेंदिवस तापवल्यावरही त्याची गिळायची ताकद उतरता कामा नये. तिथल्या तपासणीवर शैलजा मॅडम होत्या, हावेरीकडच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. शांत आणि सरळ बाई. आमचे नमुन्याचे पहिले तक्ते त्यांच्या ओव्हनमधून जसेच्या तसे बाहेर आले तेव्हा त्यांनी स्वतः फोन केला. नमुने छोट्या भट्टीत केलेले होते. आता मोठ्या भट्टीत माल काढून दाखवा, म्हणाल्या, तो टिकला की काम तुमचं.

त्या दिवशी वखारीत सणच होता. आप्पांनी पेढे वाटले. नवी मोठी भट्टी आली, जमिनीत पुरलेल्या हंड्यासारखी, वर बोल्टांनी आवळायचं झाकण. तिची पूजा झाली. गावातली माणसं बघायला आली, पाहुणे आले, आप्पांच्या भावकीतले आले. "लई मोठं केलंसा की आप्पा," म्हणत भट्टीभोवती फिरून गेले.

आणि त्यानंतर भट्टीतून जो पहिला माल निघाला तो फसला. भट्टीतून काढला तेव्हा दिसायला ठीक होता, पण तापवल्यावर त्याची ताकद उतरली. दुसरा त्याहून वाईट. तिसऱ्यात तर भुकटीवर नुसत्या डोळ्यांनी तांबूस झाक दिसत होती. छोट्या भट्टीत काढलेली भुकटी सोन्यासारखी आणि तीच भुकटी मोठ्या भट्टीत गेली की गंजून येते! मी नायट्रोजनवाल्याशी भांडलो. त्यानं सिलिंडर बदलून दिले. झाकणाची सगळी पॅकिंगं बदलली. बोअरच्या पाण्याचा संशय घेतला, स्पिरिटचा घेतला, वखारीच्या तुळयांवर बसलेल्या तंबाखूच्या जुन्या धुळीचा घेतला आणि पंधरवडाभर सगळी वखार पुसून काढली. पुढचा माल आणखी खराब निघाला. शैलजा मॅडम दर वेळी म्हणायच्या, आणखी एकदा पाठवा सर. त्यांचा आवाज दर वेळी थोडा उतरलेला असायचा.

त्या महिन्यांबद्दल काय सांगू? माणसाला आपलं काम येतं हा एक आधार असतो. तोच गेला होता. मी रात्री जेवायचो ते कशाशी ते कळायचं नाही. आप्पांनी एका शब्दानं विचारलं नाही, ते जास्त लागायचं. बायका मात्र जास्तच लगबगीनं कामाला लागल्या होत्या. गौराक्का सगळ्यांच्या आधी यायची आणि भट्टीची खोली स्वतः झाडायची. मला वाटायचं, बिचारी, तिला एवढंच करता येतं.

शेवटी मी भट्टी रिकामी करून हंड्यात उतरलो. विजेरी घेतली आणि तळ खरवडून काढायला लागलो. तळाला काळे बारीक गोल दाणे होते. मला वाटलं पिंपातल्या गोळ्यांचे तुकडे असतील. एक चिमटीत धरून दाबला, त्याची काजळी झाली. पोलादाची काजळी होत नाही. पुढं हंड्यातून धूर बाहेर नेणारी नळी सोडवली, तर तिच्या थंड टोकाला पांढरा थर बसलेला. मी नखानं काढला आणि जिभेला लावला. हसू नका, आमच्या धंद्यात जीभही उपकरण आहे. तो थर खारट होता.

मीठ. आणि ते काळे दाणे म्हणजे मोहरी. भट्टीची खोली रोज सकाळी कोण झाडतं ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन भट्टीच्या खोलीबाहेर उभा राहिलो. गौराक्का आली. कनवटीतून पुरचुंडी काढली, मूठ वळली, आणि भट्टीवरून ओवाळायला लागली. ओठ हलत होते. आल्यागेल्याची, वाटंवरच्याची, घरच्याची, दारच्याची. मग तिनं मूठ हंड्यात सोडली. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. दृष्ट काढताना बोलायचं नसतं आणि बघणाऱ्यानं टोकायचंही नसतं. मीही टोकलं नाही.

नंतर चहाच्या वेळी दुसऱ्या बायकांना सहज विचारल्यासारखं विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. मीठ त्या आळीपाळीनं घरून आणायच्या. "आमास्नी कुणी इचारलंच न्हाई," एक म्हणाली. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं. पेढे वाटले त्याच दिवसापासून हे चालू होतं. एवढी माणसं भट्टी बघून गेली, नजर लागणारच. ओवाळलेलं विस्तवात टाकावं लागतं. पूर्वी बायकांची चहाची चूल होती, पण स्पिरिट भडकेल म्हणून मीच ती काढायला लावली होती आणि विजेची किटली आणून दिली होती. तेव्हा सगळ्या वखारीत विस्तव म्हणावा असं एकच राहिलं होतं. भट्टी.

आणि खरी शोकांतिका पुढेच आहे. मिरच्या जळताना ठसका आला नाही तर नजर फार कडक आहे असं समजतात. आमची भट्टी बंद. धूर नळीतून पाण्याच्या बाटलीत आणि तिथून छपराबाहेर. ठसका येणार कुठून? गौराक्का दिवसभर दाराशी वास घेत घुटमळायची आणि काही लागलं नाही की दुसऱ्या खेपेला मूठ मोठी करायची. माल जितका फसला तितकी मूठ मोठी झाली. मूठ मोठी झाली तितका माल फसला. तापल्यावर मिठाची वाफ काचेच्या सालीला खात होती, मिरच्या-मोहरीतली ओल उरलेलं काम करत होती, आणि आम्ही सगळे आपापल्या परीनं कारखाना वाचवत होतो.

मी ते दाणे कागदावर घेऊन आप्पांकडे गेलो. ते दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचे, नुकतेच हात धुऊन बसले होते. सगळं सांगितलं. आप्पा आधी हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग हसणं थांबलं आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"कुणाला सांगू नगोस," म्हणाले. "तिला तर अजिबात न्हाई."

"आप्पा, समजावून सांगितलं तर कळंल तिला. शहाणी बाई हाय."

"शहाणी हाय म्हणूनच म्हणतोय. येडी असती तर सांगितलं असतं. आपल्या हातानं लेकीचं अन्न जाळलं म्हणून ती मरंल रे परशराम."

मला पटलं. मग आम्ही भट्टीच्या खोलीला कुलूप घातलं. सांगितलं की नायट्रोजननं श्वास कोंडतो, आता माल भरायचं काम फक्त मी करणार. दुसऱ्या दिवशी गौराक्का आली ती मूठ पदराखाली धरूनच.

"मास्तर, ह्ये कुलूप का वं?"

"गॅस हाय आक्का. जीव जाईल."

"म्हातारीचा जीव, जाऊंदे की. एकडाव आत जाऊ द्या."

"न्हाई."

ती दारात उभी राहिली. मी आत माल भरला, झाकण आवळलं, बाहेर आलो तरी ती तिथंच होती. मूठ तशीच मिटलेली होती.

तो माल सुरेख निघाला. करडी, चमकदार भुकटी, कुठं डाग नाही. संगीतानं तक्ते दाबले. आमच्या ओव्हनमध्ये रात्रंदिवस तापवून बघितले, ताकद तसूभर उतरली नाही. मी तक्ते मांडीवर घेऊन बसनं बेंगळूरला गेलो.

शैलजा मॅडमनी माझ्यासमोर खोकं उघडलं, तक्ता उलटसुलट बघितला, आणि तो तपासायला न पाठवता टेबलावर ठेवला. तेव्हाच मला कळलं. त्यांच्या वरिष्ठांनी आमच्या फसलेल्या मालावरून निर्णय घेऊन टाकला होता. तक्ते आता परदेशातून येणार, तसा करारही झाला होता. "लेट आयतु सर," त्या म्हणाल्या. उशीर झाला. मग विचारलं, "पण चुकत काय होतं?"

मी सांगितलं. सगळं. मीठ, मोहरी, मिरच्या, न आलेला ठसका. माझं कानडी मोडकंतोडकं, पण त्यांना कळलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. "नम्म अम्मानू माडतारे," म्हणाल्या. त्यांची आईही काढते दृष्ट, त्यांच्या नव्या गाडीची काढली होती. मग टेबलावरचा तक्ता उचलून परत खोक्यात ठेवला. "सर, पण हे मी वर कसं सांगू?"

मला तरी कुठं माहीत होतं! खोटं कारण सांगितलं तर तुम्हाला धंदा कळत नाही असं झालं असतं. खरं सांगितलं तर भट्टीत मिरच्या टाकणारा कारखाना म्हणून हसले असते. मी तक्ते तिथंच ठेवून आलो. परत आणून करणार काय होतो त्यांचं?

आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आपलं चुकलं काय, सांग की." कुणी चोरी केली असती, आळस केला असता, तर त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळं झालो असतो. इथं प्रत्येकानं जीव लावला होता. माणसानं जीव लावून, चांगुलपणानं वागून सगळं बुडतं, हे एकदा बघितलं की पुन्हा कशावर भरवसा ठेवावा ते समजत नाही. मला अजून समजलेलं नाही.

पुढचं पटकन सांगतो. पिंप, भट्टी, यंत्रं हळूहळू विकली. आप्पांनी वखार बरेच दिवस रिकामी ठेवली, पण शेवटी मुलांनी ती भाड्यानं दिली. तंबाखूलाच. दुसरं कोण घेणार? त्यानंतर आप्पा त्या रस्त्यानं जायचे नाहीत, मंदिरालासुद्धा लांबून वळसा घालून जायचे. मी एकदा आत डोकावलो. पंखे नव्हते, स्टुलं नव्हती. पिवळ्या धुळीत बायका ओळीनं बसल्या होत्या, आणि संगीता नाकाला पदर बांधून चाळत होती. तिनं मला बघितलं आणि मान खाली घातली. मी निघून आलो.

गौराक्का यंदाच्या शिमग्यानंतर गेली. दिवस झाल्यावर मी संगीताला सगळी खरी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "लिवा तुमी. पर आयचं नाव बदला." बदललं आहे. सगळ्यांचीच बदलली आहेत.

गौराक्का जायच्या आधी थोडे दिवस मी तिला भेटायला गेलो होतो. खोकल्यानं पार चिपाड झाली होती. मी दिसल्यावर उठून बसायला लागली. नको म्हटलं तरी बसलीच. इकडचं तिकडचं झालं. मग तिनं संगीताला पाण्याच्या निमित्तानं बाहेर पाठवलं आणि माझ्याकडं सरकली.

"मास्तर, एक मनात हाय. रागाला येऊ नगासा."

"बोल की आक्का."

"म्या रोज भट्टीची नजर काढायची. तुमास्नी ठावं न्हाई. लई नजर लागलीती तिला, लई कडक. मी रेटून धरलंतं बगा. आन तुमी कुलूप घातलासा." तिला दम लागला. थांबून परत म्हणाली, "त्या कुलपापायी माझं काढायचं ऱ्हायलं, आन तवाच बुडालं समदं. माझी संगी परत धुळीत बसली. एवडी वर्सं कुणाला बोलले न्हाई. आज तुमास्नी सांगितलं."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. तो खारट थर, ते काळे दाणे, सगळं. दारातून संगीता तांब्या घेऊन येताना दिसत होती, पदराला तंबाखूची धूळ तशीच.

"व्हय आक्का," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

तिनं माझा हात हातात घेतला आणि थोपटला. "असू द्या," म्हणाली. "तुमी शिकल्याली माणसं, तुमास्नी तरी ह्ये काय ठावं? माझ्या मनात आता कायबी न्हाई." आणि संगीताला म्हणाली, "मास्तरास्नी च्या ठेव गं."